नोंद क्रमांक ११८४ : जुने पिस्तूल, एक नळी

जबाब देणारीचे नाव आणि पत्ता ठाण्याच्या वहीत वर घेतला आहे. वय ६२ वर्षे. शिक्षण पदार्थविज्ञानाची पदवी. धंदा शिलाई मशीन दुरुस्ती. दुकान राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, एकतीस वर्षांपासून. पती सहा वर्षांपूर्वी वारले. घरात मी आणि माझ्या सासूबाई, वय ८५, अशा दोघीच राहतो.

मी आज १३ तारखेला, सोमवारी, सकाळी १०.४० वाजता ठाण्यात हजर होऊन स्वतःच्या हाताने लिहून देते की :

माझ्या दुकानाच्या नोंदवहीतली एक ओळ चुकीची आहे. ती ओळ माझी आहे. तिच्यामुळे काल माझ्या सासूबाईंच्या नावे ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली. चूक माझी आणि नोटीस त्यांना, हे मला मान्य नाही, म्हणून हा जबाब लिहावा लागत आहे.

जबाब टाइप करून घ्यायला हवालदार बसले होते. त्यांनी पहिले वाक्य असे केले : "सदर वृद्ध महिलेने विस्मरणामुळे शस्त्र बाळगले." मी म्हटले, हे खोडा. ते म्हणाले, "बाई, मी तुमच्याच सोयीचं लिहितोय. वय झालंय, आठवत नाही, असं आलं की प्रकरण हलकं होतं." मी म्हटले, माझ्या सासूबाईंना सगळे आठवते, अडचण तीच आहे. त्यानंतर मी कागद आणि पेन मागून घेतले.

पिस्तूल माझ्याकडे कसे आले ते असे. या महिन्याच्या ४ तारखेला, शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास सासूबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावले. पलंगावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा उघडून ठेवला होता. त्यात माझ्या सासऱ्यांचा जुना सदरा आणि सदऱ्यात गुंडाळलेले पिस्तूल होते. ते पिस्तूल घरात आहे हे मला लग्नापासून, म्हणजे छत्तीस वर्षे, माहीत होते. सासरे हयात असताना ते काचेच्या कपाटात असे आणि पाहुण्यांना दाखवले जाई. त्यांच्या आजोबांपासून ते घरात आहे एवढेच सांगत. सासऱ्यांना जाऊन सत्तावीस वर्षे झाली. त्यानंतर ते मी पाहिले नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, "हे तुला."

मी म्हटले, "मला कशाला? आई, मी काय करू याचं?"

"काही करू नकोस. म्हणूनच तुला देतेय."

"भाऊजी मागताहेत ना ते?"

"मागतोय. साठी आहे ना त्याची. बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावणार म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला काढून दाखवणार." मग त्या म्हणाल्या, "तू विकणार नाहीस, मिरवणार नाहीस आणि कुणावर रोखणार नाहीस. या घरात असं एवढं एकच माणूस उरलंय."

मी म्हटले, "रोखायचं ठरवलं तर गिऱ्हाइकं खूप आहेत."

"त्यांना तुझी जीभ पुरते," असे म्हणून त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

दुरुस्त कर, बघ, उघड, यांतला एकही शब्द त्यांनी उच्चारला नाही. हे वाक्य जबाबात अधोरेखित करावे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय ५९, गाडी शिकवण्याची शाळा चालवतात. शिकाऊ माणसाशेजारी बसून तीस वर्षे "ब्रेक!" असे ओरडण्यात गेली, त्यामुळे ओळखीचे सगळे त्यांना ब्रेकसाहेब म्हणतात. त्यांना ते आवडते. ते वाईट मनुष्य नाहीत. आवाज मोठा आहे.

५ तारखेला रविवार होता. दुकान बंद. मी पिस्तूल जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून नीट पाहिले. आधी नळी रिकामी असल्याची खात्री केली. तारेचा तुकडा आत सोडला, तो अडला तिथे खूण केली, आणि तीच तार बाहेरून नळीला लावून पाहिली. दोन्ही मापे जुळली. आत काही नव्हते. हे मी आधी केले आणि मग बाकीचे केले, याचीही नोंद घ्यावी.

पिस्तूल एकाच बाराचे आहे. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची, मागच्या बाजूला तांब्याची एक लहानशी टोपी बसवायची, आणि घोडा त्या टोपीवर आपटला की बार उडतो, अशी त्याची रचना. लांबी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. मुठीचे लाकूड गडद, एका बाजूला झिजून गुळगुळीत. कारागिराचे नाव कोरलेले असावे, पण तिथे इतके वेळा पुसले गेले आहे की दोनच अक्षरे उरली आहेत आणि ती मला वाचता आली नाहीत. भिंगाखाली धरले, उन्हात धरले, कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. अक्षरे कळली नाहीत. अजूनही कळावीत असे वाटते. ठाण्यात कोणी जाणकार असल्यास मला कळवावे.

माझे लक्ष वेधले ते एका चामड्याच्या वादीने. घोडा आणि नळी मिळून ती दोन वेढे देऊन बांधली होती. गाठ सुबक होती, अनेकदा सोडून बांधलेल्या गाठीसारखी. वादी सोडल्यावर घोडा बोटाच्या हलक्या धक्क्याने मागेपुढे लोंबू लागला. त्यात जोर असा नव्हताच. यंत्रात एखादी गोष्ट ढिली असते तेव्हा ती झिजलेली असते, तुटलेली असते किंवा कुणीतरी काढून घेतलेली असते. तिन्हींचा स्पर्श वेगळा असतो. हा तिसरा होता. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, पण त्यात नवीन काही नाही, न उमगलेल्या मशीनपायी हे नेहमी होते.

६ तारखेला दुकानात गर्दी होती. ७ तारखेला, मंगळवारी, दुपारी दीड वाजता मी पिस्तूल दुकानातल्या कामाच्या टेबलावर घेतले. इथे माझी चूक झाली, म्हणून दुकानाची पद्धत सांगते.

माझ्या टेबलावर नोंदीशिवाय कोणतीही वस्तू येत नाही. पूर्वी एकदा दोन बायकांच्या मशीनचे शटल आपसांत बदलले गेले आणि मला दोघींच्या घरी जाऊन क्षमा मागावी लागली. तेव्हापासून हा नियम आहे. माझे स्वतःचे मशीनसुद्धा मी नोंद करूनच उघडते. वहीत रकाने आहेत : क्रमांक, वस्तू, आणणाऱ्याचे नाव, तक्रार, शेरा, नेणाऱ्याची सही. हात सवयीने चालतो. मी लिहिले :

११८४. जुने पिस्तूल, एक नळी. सासूबाई. घोडा ढिला, जोर नाही.

आणणाऱ्याचे नाव हा रकाना मोकळा सोडायचा नाही, हाही माझाच नियम. वस्तू ज्याच्याकडून आली त्याचे नाव मी तिथे घातले. पण त्या रकान्यात नाव आले की त्याचा अर्थ होतो, या माणसाने वस्तू दुरुस्तीला आणली. आणि तक्रारीच्या रकान्यातले शब्द हे आणणाऱ्याचे शब्द असतात. सासूबाईंनी ते आणले नव्हते आणि त्यांची काही तक्रारही नव्हती. एकतीस वर्षांत या वहीतली एकही ओळ खोटी नाही, असे मी आजवर लोकांना सांगत आले. ते आता सांगता येणार नाही.

बाजूची पट्टी तीन स्क्रूंनी बसवलेली होती. स्क्रू काढण्यापूर्वी मी त्यांची डोकी पाहिली. दोन स्क्रूंच्या खाचा स्वच्छ होत्या. तिसऱ्याची खाच एका कडेने चेंगरलेली होती, आणि ती चेंगर तिरकी होती. म्हणजे शेवटचे ज्याने उघडले त्याच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरचे एक टोक उडालेले होते. आत पाहिले तर मुख्य स्प्रिंगची जागा रिकामी. खोबणीत ओरखडा नाही, गंज नाही, तुकडा अडकलेला नाही. हात घाईचा नव्हता, पण सरावाचाही नव्हता. ज्याने काढली त्याला ती परत लागेल की नाही हे ठाऊक नसावे, म्हणून काही मोडायचे नाही एवढी काळजी घेतलेली.

कोण, कधी आणि का, हे तीन प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. गिऱ्हाइकांशी बोलताना माझे लक्ष नसल्याचे एकीने बोलूनही दाखवले.

९ तारखेला, गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास सासूबाई झोपल्या होत्या. त्यांच्या खोलीत त्यांचे पायांनी चालवायचे मशीन आहे. त्याला मी दर वर्षी तेल देते. त्या दिवशी तेलाचे निमित्त करून मी मशीनच्या बाजूचा खण उघडला. त्यात खडू, सुटी बटणे, कात्री आणि एक आखूड स्क्रूड्रायव्हर होता. त्याचे डावे टोक उडालेले होते. मी तो दुकानात नेऊन पिस्तुलाच्या स्क्रूवर टेकवला. चेंगरलेल्या जागी तो बरोबर बसला.

स्क्रूड्रायव्हर परत ठेवायला गेले तेव्हा खण पूर्ण आत गेला नाही, जसा तो कधीच एका धक्क्यात जात नाही. हा खण आपोआप उघडू नये म्हणून त्याच्या खाली एक पोलादी स्प्रिंग खोचलेली आहे. दोन पात्यांची, चिमट्यासारखी. ती मी छत्तीस वर्षे पाहत आले. नवी सून असताना मी एकदा म्हटले होते, "आई, हे काहीतरी वेडंवाकडं बसवलंय, मी बदलून देते," तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "त्याला हात लावायचा नाही." दुकान सुरू केल्यावर परत विचारले, तेव्हाही तेच. इतके चांगले पोलाद खणासाठी कुणी वापरले, असा विचार मी प्रत्येक वर्षी करीत असे आणि तेल देऊन उठत असे. पदवी पदार्थविज्ञानाची आहे. उपयोग झाला नाही.

मी स्प्रिंग काढली. खणाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. दुकानात येऊन लहान शिकंज्यात स्प्रिंग दाबली आणि तिच्या जागी बसवली. ४.१० ला सुरुवात केली, ४.२५ ला पट्टीचा तिसरा स्क्रू आवळला. घोडा मागे ओढला. तो दोन टप्प्यांत चढला आणि राहिला. घोडा जिथे आपटतो तिथे मी चामड्याचा तुकडा ठेवायला हवा होता. ठेवला नाही. मला खरा आवाज ऐकायचा होता. मी चाप ओढला.

आवाज लहान होता, पण कोरडा आणि स्पष्ट.

आतल्या खोलीत काहीतरी पडले. सासूबाई दारात आल्या. चष्मा नव्हता, पायांत चपला नव्हत्या. त्यांनी विचारले, "थोरला कुठं आहे?"

थोरला म्हणजे माझे पती.

"धाकटा कुठं आहे?"

मी म्हटले, "भाऊजी त्यांच्या घरी आहेत, आई."

मग त्यांनी टेबलाकडे पाहिले. स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "सापडली वाटतं तुला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पुन्हा मागितले नाही.

त्या म्हणाल्या ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण या जबाबाचा आधार तेच आहे. शेहेचाळीस वर्षांपूर्वी, एका दुपारी, माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचे घरात भांडण झाले. सासऱ्यांनी कपाटातून पिस्तूल काढले. ते त्या काळी भरलेले असे.

मी विचारले, "भांडण कशावरून?"

"किल्लीवरून."

"कसली किल्ली?"

"गोदामाच्या कुलपाची. कुणी नेली, कुणी हरवली. नंतर ती यांच्याच कोटाच्या खिशात सापडली."

"आणि चाप ओढला?"

"ओढला. आताच ऐकलास तसाच आवाज आला. टोपी सर्दावलेली होती, म्हणून आमचे भाऊजी वाचले. यांनी पिस्तूल कपाटावर ठेवलं आणि अंघोळीला गेले. मी नळीत पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेल्यावर मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेतला. तीन स्क्रू काढले. आत जे सगळ्यात जोरदार वाटलं ते काढून घेतलं. तुझ्यासारखं मला त्याचं नाव माहीत नव्हतं."

"आणि दोघे भाऊ?"

"त्याच दिवशी एका टेबलावर जेवले. मी वाढलं. मीठ द्या म्हणाले भाऊजी. यांनी दिलं."

मी विचारले, "बाबांना कळलं नाही? त्यानंतर एकोणीस वर्षं ते पिस्तूल पुसत होते."

"कळलं की. महिन्याभरात, नळी रिकामी करायला बसले तेव्हा कळलं. एक दिवस बघते तर घोड्याला चामड्याची वादी बांधलेली. लोंबताना दिसू नये म्हणून. मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. पाहुण्यांसमोर हे सांगायचे, वादी सोडायची नाही, जुनी वस्तू आहे. मी आतून ऐकायचे."

मी विचारले, तुम्ही त्यांच्याशी याबद्दल कधीच बोलला नाहीत का? त्या म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात? त्यांनी वादी बांधली ना."

मग त्या म्हणाल्या, "काढून ठेव ती." मी हो म्हटले.

मी ती काढली नाही. याचे कारण विचारले जाईल, म्हणून सांगते. पंधरा मिनिटांत इतके सुरेख बसलेले काम मोडवेना. उद्या काढू असे म्हटले. शेऱ्याच्या रकान्यात मात्र त्याच संध्याकाळी लिहून टाकले : दुरुस्त. चालते.

११ तारखेला, शनिवारी, सकाळी ११.५० वाजता माझे दीर त्यांच्या पत्नीचे मशीन न्यायला दुकानात आले. मशीन तयार होते, क्रमांक ११८७. नेणाऱ्याने वहीत सही करायची असते. सही करताना त्यांची नजर तीन ओळी वर गेली.

ते म्हणाले, "वहिनी, हे काय?"

मी म्हटले, "सही खालच्या ओळीत करायची."

"सासूबाई म्हणजे आईच ना? बाबांचं पिस्तूल दुरुस्तीला? आईनं आणलं?"

"आईंनी मला दिलं."

"तुम्हाला? बाबांची वस्तू, मुलगा हयात असताना, सुनेला?"

"दिली."

"आणि मी वर्षभर मागतोय ते काय? का दिलं, काही कारण?"

कारण मला माहीत होते. पण ते माझे नव्हते, सासूबाईंचे होते, आणि ज्यांच्याबद्दल होते ते दिरांचे वडील होते. मी म्हटले, "आईंना विचारा." ते म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं अशीच गोड बोलून घर गिळता." हे वाक्य मी लिहीत आहे ते तक्रार म्हणून नाही. पुढचा क्रम कळावा म्हणून लिहीत आहे. गोड बोलल्याचा आरोप माझ्यावर प्रथमच झाला.

त्यांनी खिशातून फोन काढून वहीच्या पानाचा फोटो घेतला. मग टेबलावर हात आपटला. रिळांचा खोका खाली पडला आणि रिळे खोलीभर गेली. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "आवाज खाली." दीर म्हणाले, "आवाज खाली कशाला? माझ्या बापाची वस्तू आहे, मी बघतो तरी." मागच्या फळीवर सदऱ्याखाली पिस्तूल होते. त्यांनी सदरा बाजूला केला, पिस्तूल उचलले, घोडा ओढला. घोडा चढला. त्यांनी चाप ओढला.

त्यांनी ते माझ्यावर रोखले असे मी म्हणणार नाही. नळीचे तोंड ज्या बाजूला होते त्या बाजूला मी उभी होते, एवढेच सांगू शकते. नळी रिकामी होती. मला ते माहीत होते, मी स्वतः तार घालून मोजले होते. तरी मी खाली पाहिले नाही, मागे सरकले नाही आणि काही बोललेही नाही. हे माझ्या बाबतीत नोंद करण्याजोगे आहे.

सासूबाईंनी विचारले, "कुणाला लागलं?"

कुणालाच लागलेले नव्हते. माझ्या दिरांनी पिस्तूल अतिशय हळू टेबलावर ठेवले, गरम भांडे ठेवावे तसे. त्यांचा चेहरा उतरला होता. ते आईंकडे पाहत होते आणि त्या त्यांच्याकडे. मग त्यांनी मशीन उचलले आणि गेले. सही अर्धीच राहिली आहे.

मी दुकानाचे दार लावून स्प्रिंग काढली. १२.२० ला. चार मिनिटे लागली. सासूबाई रिळे गोळा करत होत्या. मी म्हटले, राहू द्या, मी उचलते. त्या म्हणाल्या, "तू ते आधी पुरं कर."

त्याच दुपारी माझ्या दिरांनी ठाण्यात येऊन तो फोटो दाखवला. त्यांनी तक्रार रागाने केली की भीतीने, हे मला माहीत नाही. आईकडे असे शस्त्र आहे आणि ते चालते, एवढेच ते म्हणाल्याचे हवालदारांनी सांगितले. ते वाक्य मी बराच वेळ उलटसुलट करून पाहिले. त्यात त्यांनी माझे नाव का घेतले नाही, हे कळले तर मला बरे वाटेल. १२ तारखेला, रविवारी, दुपारी नोटीस घरी आली. त्यांच्या आईला ठाण्यात बोलावतील याची त्यांना कल्पना नव्हती. काल संध्याकाळी फोनवर ते म्हणाले, "वहिनी, मला वाटलं ते फक्त पिस्तूल घेऊन जातील." मी म्हटले, ब्रेक आता मी मारते, तुम्ही स्वस्थ बसा.

ठाण्याचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे, कठडा एकाच बाजूला. सासूबाई तो चढणार नाहीत. त्यांना चढवता येतो की नाही हा प्रश्नच नाही. त्यांनी चढण्याचे कारण नाही.

ठाणे अंमलदारांनी मला आज समजावून सांगितले की न चालणारे जुने पिस्तूल घरात असणे ही एक बाब आहे आणि चालणारे असणे ही दुसरी. म्हणून माझे म्हणणे मी तीन वाक्यांत मांडते. हे पिस्तूल शेहेचाळीस वर्षे चालू शकत नव्हते, आणि ते चालू नये याची तजवीज माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने केली होती. ते चालू झाले ९ तारखेला ४.२५ वाजता, माझ्या हाताने, त्यांच्या सांगण्यावरून नव्हे आणि त्यांना न विचारता, आणि पुन्हा बंद झाले ११ तारखेला १२.२४ वाजता. या दोन वेळांच्या मध्ये जो काही गुन्हा होत असेल तो माझा आहे.

अंमलदारांनी विचारले, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कळलं नाही का, की कुणीतरी मुद्दाम काढलंय तर मुद्दामच काढलं असेल?" मी म्हटले, मुद्दाम काढले हे पहिल्याच दिवशी कळले होते. का काढले ते जाणून घ्यायचे होते, आणि बसवल्याशिवाय ते कळले नसते. ते म्हणाले, विचारायचं. मी म्हटले, आमच्या घरात विचारायची पद्धत नाही.

माझे दीर आज खाली जिन्याजवळ उभे आहेत. वर आलेले नाहीत. त्यांना तक्रार मागे घ्यायची आहे असे त्यांनी हवालदारांमार्फत कळवले आहे. फोटो कागदपत्रात लागला आहे, आता ती मागे घेता येणार नाही, असे अंमलदार म्हणाले. माझ्या दिरांनी पिस्तूल हातात घेतल्याबद्दल मला कोणतीही तक्रार द्यायची नाही. त्यांच्या वडिलांना पिस्तूल कपाटाबाहेर काढायला एका किल्लीचे कारण पुरले होते. माझ्या दिरांचे कारण त्याहून बरे होते. त्यांना हा सगळा वृत्तान्त अजून कोणी सांगितलेला नाही. या जबाबाची प्रत त्यांना मिळाली तर माझी हरकत नाही. सासूबाईंचीही नाही. मी आज सकाळी निघण्यापूर्वी त्यांना विचारले. या घरात मी विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न असावा. त्या म्हणाल्या, "दे वाचायला. मला तोंडानं सांगता येणार नाही."

सासूबाईंना ठाण्यात यावे लागणार नाही, पुढची चौकशी माझ्याकडे होईल, असे अंमलदारांनी मला सांगितले आणि माझ्या मागणीवरून नोटिशीच्या पाठीमागे तसे लिहून सही केली.

हा जबाब मला कोणी वाचून दाखवलेला नाही. मीच तो मोठ्याने वाचला, अंमलदार आणि हवालदार यांनी ऐकला, दोन ठिकाणी मला थांबावे लागले, एकदा चष्म्यासाठी. मजकूर माझा आहे आणि खरा आहे.

आज दुपारी १.१५ वाजता ठाण्यात जमा केलेल्या वस्तू :

जुने पिस्तूल, एक नळी, मुख्य स्प्रिंगविना, नळी रिकामी. सोबत चामड्याची वादी, घोड्याला दोन वेढे देऊन बांधलेली. ती सकाळी सासूबाईंनी बांधली. पाकीट पहिले.

दुकानाची नोंदवही, चालू. तीत बाकी असलेली नऊ गिऱ्हाइकांची कामे मी वेगळ्या कागदावर उतरवून घेतली आहेत. क्रमांक ११८४ ची ओळ खोडलेली नाही. आणणाऱ्याच्या नावापुढे आजची तारीख घालून "चूक. स्वतः." असे लिहून सही केली आहे.

पोलादी स्प्रिंग, दोन पात्यांची, एक. पाकीट दुसरे.

पिस्तूल आणि स्प्रिंग एका पाकिटात, एका कपाटात किंवा एका खोलीत ठेवू नये अशी माझ्या सासूबाईंची विनंती आहे. हवालदार म्हणाले, मुद्देमालाची खोली एकच आहे. अंमलदारांनी दुसरे पाकीट वरच्या कचेरीत पाठवण्याचा शेरा लिहिला आणि मला दोन वेगळ्या पावत्या दिल्या. मिळाल्या.